वरताळ्यात आलेल्या रेकॉर्डी

लिहून ठेवणार : साधना श्रीनिवास टिपणीस, वय ६७, धर्म हिंदू, धंदा घरकाम (ज्याला रजा नसते), राहणार बुकित पंजांग, सिंगापूर. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची तक्रार आहे, पण ते निराळं खातं. उद्या मला ऑपरेशनसाठी ॲडमिट व्हायचं आहे, म्हणून आज रविवारी, कोणाच्याही दडपणाखाली न येता (दडपण आणायला घरात आहे कोण?) माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचं काय व्हावं ते लिहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. माझा मुलगा रोहन याने या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. त्याला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. त्याने भाषांतर करून घ्यावं, आणि भाषांतरकाराने माझे टोमणे गाळू नयेत.

कलम २. राहता एचडीबी, म्हणजे सरकारी वसाहतीतला, फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक रोहनला. सीपीएफचं, म्हणजे इथल्या प्रॉव्हिडंट फंडाचं, नामनिर्देशन वेगळं केलेलं आहे. ते मृत्युपत्रात येत नाही, असं आमच्या ओळखीचे विवेक यांनी सांगितलं. रोहन वन-नॉर्थला नोकरी करतो आणि तिथूनच जवळ कॉन्डोत राहतो. मेट्रोची डाउनटाउन लाइन सुरू झाल्यापासून माझ्याकडे यायला एकदाच गाडी बदलावी लागते. हे केवळ माहितीसाठी.

कलम ३. सून ऋचा हिला माझ्या पाटल्या आणि पुरणयंत्र. यंत्र पितळी आहे. तिला पुरण करायचं नसेल तर न करो, पण यंत्र कचऱ्याच्या शूटमध्ये टाकू नये; खालच्या मजल्यापर्यंत आवाज जातो.

कलम ४. श्रीनिवास यांची हत्यारं, म्हणजे पाने, हातोड्या आणि व्हर्नियर कॅलिपर, जहाज-दुरुस्तीचं शिक्षण घेणाऱ्या कोणालाही फुकट द्यावीत. माझे यजमान भले गृहस्थ होते. बोलायचे मात्र जहाजांशी.

कलम ५. आता माझी खरी इस्टेट. बेडरूममधल्या कपाटात साड्या नाहीत, रेकॉर्डी आहेत. लहान, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या, दोन्ही बाजूंना एकेक गाणं. बहुतेक सगळ्या सोल संगीताच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गायक-गायिकांच्या, एकोणीसशे सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या आसपासच्या.

मी लग्न करून इथे आले तेव्हा ब्रिटिश फौजा चंबूगबाळं आवरून निघाल्या होत्या. त्यांच्या बायका जाताना घरातलं सामान काढून टाकत, आणि ते घेऊन कारांग गुनी, म्हणजे इथला जुनं सामान घेणारा-विकणारा फेरीवाला, आमच्या दाराशी येई. श्रीनिवास रात्रपाळीला, मला इंग्रजीचा गंध नाही, शेजारी हॉकियन चिनी बोलणारे. दिवसभरात तोंड उघडायचं ते जेवायलाच. एकदा मी त्याच्याकडून इस्त्री घेतली तर त्याने वर चार रेकॉर्डी ठेवल्या. वरताळा! कारण त्या इतक्या खपलेल्या, घरोघरी इतक्या पडलेल्या, की कोणी विकत घेईना. पैशाला पासरी.

पुढे जुन्या रेकॉर्डींच्या बाजारातही मी तोच रिवाज पाहिला. दुर्मिळ रेकॉर्डीचा सौदा व्हायचा आणि तराजू जुळवायला वरून या कॉमन रेकॉर्डी फेकायच्या. वरताळा नाकारायचा नाही. नाकारला तर सौदा मोडला. जमलेले पुरुष दुर्मिळ काय ती पिशवीत घालत आणि उरलेल्या माझ्यापुढे सरकवत. एकाने मला तोंडावर सांगितलं होतं, "आंटी, धिस वन फॉर टी-कप लाह, पुट अंडरनीथ." त्याला मी काहीही ठेवत नाही. चहासुद्धा नाही.

पण मला त्याच आवडत. नव्या संसारात रेकॉर्ड-प्लेअरच्या पेटीतून कोणीतरी जीव तोडून सांगायचं की जाऊ नकोस, एकटं वाटतं, घरी ये. एवढं इंग्रजी मला पहिल्याच दिवशी कळलं. बाकीचंही मी तिथूनच शिकले, त्यामुळे पहिलं वर्षभर तांदळाच्या दुकानातल्या म्हाताऱ्याला मी "बेबी" म्हणत होते. बिचारा तांदूळ मापाहून जास्त द्यायचा.

रोहनला विचारलं, या रेकॉर्डी घेशील का? तो म्हणाला, "मा, एव्हरीथिंग इज ऑनलाइन. व्हाय कीप?" त्याचं बरोबर आहे. ऑनलाइन सगळं आहे, मीच नाही. नात ऋता एकदा सुट्टीत राहिली होती, तेव्हा एक गाणं संपल्यावर म्हणाली, "आजी, सो सॅड लाह. कॅन प्ले अगेन?" मी चारदा लावलं. नंतर तिच्या परीक्षा आल्या.

कलम ६. या ढिगात एकच रेकॉर्ड दुर्मिळ आहे. हिरव्या लेबलची. छापणारी छोटी कंपनी लगेच बुडाली, म्हणून जगात फार थोड्या उरल्या. खरं सांगू? गाणं टुकार आहे. चांगलं असतं तर खपलं नसतं का? पण गोळा करणाऱ्यांचा जीव तिच्यातच. पुण्याहून नोकरीसाठी आलेले, एकटे राहणारे श्री. अभय नगरकर यांचाही. ही रेकॉर्ड पाहायला ते पहिल्यांदा आले आणि तेव्हापासून दर रविवारी येतात. आल्यावर विचारतात, "काकू, हिरवीचं काय ठरलं?" मी म्हणते, "बघू." मग पोहे होतात, दोन-चार रेकॉर्डी होतात, आणि ते बसने घरी जातात. मी ती दिली नाही, कारण दिली असती तर पुढच्या रविवारी माझं दार कोणी वाजवलं असतं? मी धूर्त आहे. एकटीने राहायचं तर व्हावं लागतं.

तर, माझ्या मागे हिरवी रेकॉर्ड अभय यांना, आणि तिच्यावर वरताळा म्हणून कपाटातल्या सगळ्याच्या सगळ्या कॉमन रेकॉर्डी. रिवाज त्यांना ठाऊक आहे.

कलम ७. वरील कलम सहा मी रद्द करीत आहे. कारण लिहिते. अजून सही व्हायची आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

इथल्या कायद्याने दोन साक्षीदार एकाच वेळी समोर लागतात, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळू शकत नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या मिसेस लिम वेळेवर आल्या. दुसरे साक्षीदार विवेक यांचा मेसेज आला, रविवारीही ऑफिसात अडकलो, सॉरी. तेवढ्यात रविवार म्हणून अभय आले. दुसरं कोण आणायचं? मी फोनमधली नावं वर-खाली केली. जी तीन माणसं माझी म्हणावीत, ती सगळी या कागदात काहीतरी घेऊन बसलेली. असं रडू आलं की काय सांगू.

अभयना मी सगळं सांगितलं. "सही केलीस तर हिरवी गेली हो तुझी. एकही रेकॉर्ड मिळणार नाही."

"पेन कुठंय?" ते म्हणाले.

"अरे, नीट ऐक तरी! इतकी वर्षं जिच्यासाठी चकरा मारल्यास..."

"काकू, पोह्यांसाठी मारल्या. आणि घरी बोलायला भिंती आहेत म्हणून. तुम्हाला काय वाटलं, हिरवीसाठी कोणी जुरोंगहून दोन बस बदलून येतं?"

मेल्याने हे आधी सांगायला काय झालं होतं! मी निष्कारण धूर्तपणा करत बसले. मिसेस लिमना काही कळेना, म्हणून त्यांनी आपल्या मनाने एक रेकॉर्ड काढून मला लावायला दिली. अगदी घासून गुळगुळीत झालेली, कॉमनातली कॉमन. त्यांना ते गाणं तोंडपाठ निघालं. त्या तरुणपणी बाटल्यांच्या कारखान्यात होत्या, तिथे जेवणाच्या सुट्टीत रोज वाजायचं म्हणे. तिघं ते पूर्ण होईपर्यंत बसलो.

म्हणून आता असं ठरवते, की माझ्या मागे हिरवीसकट सगळ्या रेकॉर्डी आणि प्लेअर ऋताला. अठरा वर्षांची होईपर्यंत रोहनने सांभाळाव्यात, आणि एक तरी ऐकावी.

मग मला सुचलं, की जिवंतपणी दिलेल्या वस्तूला मृत्युपत्र कशाला लागतं? मी उठले, हिरवी काढली आणि अभयच्या हातात दिली. म्हटलं, घे, सुटलास. त्यांनी तिचं पाकीट दोन्ही हातांनी धरलं, लेबल वाचलं, आणि परत कपाटात नेऊन ठेवली.

"आत्ता नको," म्हणाले. "ऑपरेशन करून या, आणि मग द्या. तोवर तुमच्याकडेच राहू दे."

सबब ती रेकॉर्ड आजच्या तारखेस माझ्याच मालकीची आहे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि दोघांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

(सही) साधना श्रीनिवास टिपणीस

साक्षीदार :
१. (सही) लिम सिउ हुआ, शेजारीण, बुकित पंजांग
२. (सही) अभय नगरकर, जुरोंग. या मृत्युपत्रान्वये यांना काहीही मिळत नाही.

ठिकाण : सिंगापूर
दिनांक : १४ ऑगस्ट २०१६