उडी चुकली नव्हती

९ जानेवारी, शुक्रवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईचा गुडघा बरा आहे, जिना चढते. पाण्याची मोटर जळली होती, ती बदलून घेतली. एवढं लिहिलं की एरवी माझं पत्र संपतं आणि तू उत्तर देत नाहीस. या खेपेला संपणार नाही. आईला फोन केलास की "धाकटी बरी आहे ना?" एवढं विचारतोस म्हणे. नाही, बरी नाही. संतापले आहे, आणि त्यातला निम्मा संताप तुझ्यावर आहे.

मंगळवारी तुझी नाकतोडी कॉलेजात आली होती. आता सगळं जग तिला लांब उडीतली विजेती म्हणून ओळखतं, पण मला तू तिला सरावात ठेवलेलं नावच आठवतं. प्राचार्यांनी मुलींना सकाळपासून उन्हात रांगेत उभं केलं होतं. ती गाडीतून उतरली आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? "तुम्ही कधीपासून उभ्या आहात ग?" मग हार बाजूला, भाषण बाजूला, सगळ्यांना घेऊन जिन्याच्या सावलीत बसली. एकेकीचं नाव विचारलं, आणि उठताना नावांनी हाका मारल्या. प्राचार्य घड्याळ बघत ताटकळले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

मग ती आमच्या ऑफिसच्या खिडकीशी आली.

"तुम्ही सरांची धाकटी बहीण ना? सर नेहमी सांगतात, आमच्या घरातलं सगळ्यात सरळ माणूस म्हणजे माझी धाकटी."

सांगतात! सांगायचे नाही, सांगतात! तिचे दोन्ही हात माझ्या हातात होते आणि मला वाटलं, तू समोर असतास तर कानाखाली वाजवली असती. तीन वर्षं तू तिच्याशी फोनवर बोलतोस, आणि माझ्याबद्दल हे सांगतोस? शिव्या दिल्या असत्यास तर मी सुखानं झोपले असते.

चहाला तिनं मला सोबत ओढून प्राचार्यांच्या खोलीत नेलं. तिथे तिनं विचारलं, "सर का गेले?" प्राचार्य तोंड पाडून म्हणाले, "फार हुशार माणूस, पण निष्काळजी. त्यांच्या सरावात एका मुलीचा पाय मोडला. नाइलाज झाला."

ती आवाज न चढवता म्हणाली, "सर उडीआधी खड्ड्यातली वाळू स्वतः हातानं चाळून बघायचे. मला हे पटत नाही. पण मी तेव्हा इथे नव्हते." आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता त्यात. मी होते, एवढंच तिला माहीत होतं.

दादा, आपण दोघं हे कधी बोललो नाही. आता लिहिते. वाळू दगडासारखी झाली आहे, कडेचं सिमेंट उघडं पडलं आहे, असे तुझे तीन अर्ज आले होते. तिन्हींवर आवक शिक्का मी मारला. तिन्ही प्राचार्यांच्या टेबलावर मी ठेवले. आणि चौकशीत "असे अर्ज आलेच नाहीत" हे लिहून दिलं तेही मीच. पुढच्या महिन्यात मला नोकरीत कायम करणार होते. माझा कागद तुला वाचून दाखवला, तेव्हा तू नुसतं पेनाला टोपण लावलंस आणि उठलास.

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "अर्ज आले होते. तीन. शिक्का माझा आहे."

"बाई, विचार करून बोला," प्राचार्य म्हणाले.

"तीन वर्षं तेच केलं, साहेब."

मला वाटलं होतं, ती माझ्याकडे घृणेनं बघेल. तिनं पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि हळूच विचारलं, "हे त्या मुलीला माहीत आहे?"

दादा, माझ्या मनात तो प्रश्न कधी आलाच नव्हता. मी तुझा विचार करत होते, माझा करत होते. ती पोर? ती चष्म्याच्या दुकानात काम करते, इथून दोन रस्त्यांवर. काल गेले. काउंटरमागून आली ती एका अंगानं झुकत. मी सगळं सांगितलं. ती काचा पुसत ऐकत होती. मग पुसायची थांबली.

"म्हणजे माझी उडी चुकली नव्हती?"

"नाही ग."

"मी सरांना दवाखान्यातून चिठ्ठी पाठवली होती. माझ्यामुळे तुमची नोकरी गेली, माफ करा म्हणून. त्यांनी उत्तर दिलं, 'मनाला लावून घेऊ नकोस.' बस." तिनं फडकं काउंटरवर टाकलं. "मी रोज ती उडी आठवते, काकू. पाय कुठे पडला, कुठे पडायला हवा होता. रोज! जा तुम्ही. गिऱ्हाईक आहे."

गिऱ्हाईक नव्हतं.

आता सांग, तुझ्यावर का चिडू नये? मला वाचवायला गप्प बसलास, ठीक. ते थोर वाटलं असेल तुला. मलाही वाटायचं, म्हणून तर तुझ्यापुढे उभी राहू शकत नव्हते. पण त्या गप्प बसण्याची किंमत कोणी मोजली? सतरा वर्षांच्या पोरीनं! तुझ्या हातात तिची चिठ्ठी होती. "वाळू खराब होती, बाळ" एवढे चार शब्द लिहिता आले नाहीत? मी खोटं लिहिलं. तू खरं लिहिलं नाहीस. मला आपल्या दोघांत फार फरक दिसेनासा झाला आहे.

आज सकाळी मी संस्थेला लेखी जबाब दिला आहे. दुपारी मला निलंबित केल्याचा कागद आला. आईला अजून सांगितलेलं नाही. सोमवारी एकोणीस तारखेला अकरा वाजता फेरचौकशी आहे. नाकतोडीनंही संस्थेला पत्र पाठवलं आहे, आणि ती येणार आहे.

तू ये. माझ्यासाठी येऊ नकोस, माझ्याशी बोलूही नकोस. पण त्याआधी त्या दुकानात जा, तिच्यासमोर उभा राहा आणि तिला तुझ्या तोंडानं सांग. तिनं हाकललं तर हाकलून घे. मी घेतलं.

घरातलं सगळ्यात सरळ माणूस असं पुन्हा कोणाला सांगू नकोस. नुसती

तुझी धाकटी