कडी नसलेलं दार

आत्या,

सुताराच्याच घरात पोरीच्या खोलीला कडी नाही, म्हणून काल तू पाहुण्यांसमोर खदाखदा हसलीस. बाबा पेन्सिल कानामागे खोचून बाहेर गेले.

कडी मीच काढायला लावली. आतून कडी लावून एकटी बसले की मला माझीच भीती वाटायची. बाबांना सांगितलं, तर त्यांनी काही न विचारता स्क्रू काढले आणि मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आता गोळ्या चालू आहेत. "असलं खूळ आपल्या घराण्यात नाही," असं तू म्हणशील, म्हणून हे पत्र तुला देणार नाही.

आज बाबांनी विचारलं, "लावू का गं कडी?"

"आज नको."

"बरं," म्हणाले आणि स्क्रू परत खिशात टाकले.

आत्या, तुला एवढंच "बरं" म्हणता येईल का गं?

तुझी भाची