बाईसाहेब चौकात थांबतात

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आली एकदाची! दुपारी तीनला फिलोमिना तिला गाडीच्या मागच्या सीटवर घालून घेऊन आली आणि चहासुद्धा न पिता पाच मिनिटांत पसार झाली. तिथेच मला कळायला हवं होतं.

फेब्रुवारीत माझा नवरा कॉन गेला तेव्हापासून ही बाई माझ्या मागे लागली होती. शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंडना घरं मिळवून द्यायची हा तिचा उद्योग, आणि नवरा गेलेल्या बायका हे तिचं हक्काचं गिऱ्हाईक. चार वेळा नाही म्हटलं. पाचव्यांदा थकून हो म्हटलं. "अगं नोनी, काही त्रास नाही गं! दिवसातले अठरा तास झोपते ही जात." उरलेल्या सहा तासांचं काय, ते नाही सांगितलं.

काळी, उंच, मांड्यांवर केस नाहीत, दोन्ही कानांत गोंदलेली अक्षरं. वय सहा. तोंडाचा वास — देवा! नाव म्हणे डचेस. मी बाईसाहेबच म्हणणार. आल्या आल्या मागच्या काचेच्या दारावर नाक आपटून घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं की ते दार मीच मुद्दाम तिथे लावलंय.

मी कुत्र्यांच्या अंगणात वाढले. बाबांकडे कधी वीसच्या खाली कुत्री नव्हती. पण एकाचाही पाय घरात पडला नाही. घरात घेतलेलं कुत्रं पळत नाही, असं बाबांचं म्हणणं. त्यामुळे कुत्र्याच्या पळण्याबद्दल मला सगळं कळतं, बसण्याबद्दल काही नाही. आणि ही तर बसतसुद्धा नाही! उभी राहते, नाहीतर आडवी होते. मधलं काही नाही.

६ ऑक्टोबर

जिना! तेरा पायऱ्या. जन्मात जिना बघितलेला नाही. पुढचे दोन पाय पहिल्या पायरीवर ठेवले आणि ओरडायला लागली, कुणी मारतंय अशी. मी वर गेले की खाली रडते. सॉसेज ठेवून बघितलं — मान लांबवून चौथ्या पायरीवरचं खाल्लं, पाय तिथेच.

सहासष्टाव्या वर्षी मी खालच्या कोचावर झोपते आहे. पाठ गेली.

७ ऑक्टोबर

उघड्या डोळ्यांनी झोपते. मी तासभर तिला कॉनच्या बहिणीबद्दल सांगत होते, तिला पटतंय असं वाटत होतं. घोरत होती! पांघरूण नीट करायला वाकले तर दचकून दात दाखवून उठली. मीच किंचाळले. आधी हाक, मग हात — हे बाबांनी मला सातव्या वर्षी शिकवलेलं. विसरले.

९ ऑक्टोबर

फिलोमिनाने दिलेलं खाणं खात नाही. वास घेते आणि तोंड फिरवते. संध्याकाळी माझा सोड्याचा पाव थंड चहाच्या वाटीत पडला, तर वाटी चाटून लख्ख. बाबा असंच घालायचे, चहात भिजवून. आता मी दिवसाआड हिच्यासाठी पाव भाजते. कॉनसाठी कधी भाजला नाही इतका.

आणि वारा सरतो तिला! खिडकी उघडून बसावं लागतं. खिडकी उघडली की बाईसाहेब कुडकुडतात, अंगावर चरबी नाही ना. मग कॉनचा स्वेटर घालायचा.

१२ ऑक्टोबर

आता हे नवीन. सकाळी फिरायला नेलं की चौकापर्यंत छान येते आणि तिथे दगड होते. डावीकडे चर्च आणि दुकान, उजवीकडे किलकॅरनचा रस्ता. तिकडे तोंड करून उभी. कान ताठ. ओढलं तरी हलत नाही, तीस किलोचा खांबच. समोर काही नाही! रिकामा रस्ता, कुंपणं, लांबवर कुणाच्या तरी शेताचं फाटक. लांबचा चष्मा गाडीत असतो, पण बघायला आहे काय तिथे?

प्रत्येक गाडी थांबते. काच खाली. "नोनी, पेट्रोल संपलं का तिचं?" आज हे चौघांनी विचारलं. चौघांनाही वाटलं, आपल्यालाच सुचलं.

फिलोमिना फोनवर म्हणते, असं गोठून उभं राहणं या जातीत असतंच. सगळंच असतं या जातीत!

१५ ऑक्टोबर

शेजारची ब्रीडा आली. दारावर टक टक केलं, तर बाईसाहेब भुंकायचं सोडून कुशीवर आडव्या झाल्या. राखण करायला चांगली आहे! नंतर पोस्टमन आला, पुन्हा तेच. सकाळी मी टेबलाच्या कडेवर अंडं आपटलं, दोनदा, तर माझ्या पायाशी लोटांगण. न्याहारी करायला तिच्यावरून ढांग टाकून जावं लागलं.

आनंद झाला की ही कुत्री दात वाजवतात म्हणे. माझ्यासमोर अजून एकदाही वाजवले नाहीत.

१९ ऑक्टोबर

लंगडते आहे. पुढचा उजवा. गवतावर ठीक, डांबरावर पाय टेकवत नाही. कहलला दाखवलं — जनावरांचा नवा डॉक्टर, दाढीसुद्धा नीट आलेली नाही. "कुरूप आहे, मिसेस हॅकेट. तळव्याला. ग्रेहाउंडना होतंच." कोरून काढलं. दिवसातून दोनदा मलम, वर मोजा, मोज्यावर चिकटपट्टी. मोजा दहा मिनिटांत तिच्या पोटात जातो.

२५ ऑक्टोबर

कुरूप गेलं. लंगडणं आहे तिथेच! फोटो काढला, हाड ठीक. कहल पाय दाबत बसला अर्धा तास, ती शांत. या जातीला दुखलं तरी सांगायची लाज वाटते. कालपासून चहातला पावही अर्धा ठेवते.

ब्रीडा कुंपणावरून म्हणाली, "डिनीला दाखव की."

मी म्हटलं, कोण डिनी?

"तुझा सख्खा भाऊ, नोनी. ज्याच्याकडे तीन जिल्ह्यांतून लोक कुत्री घेऊन येतात."

आत आले आणि दार आपटलं.

२६ ऑक्टोबर

लिहूनच टाकते, म्हणजे मन ठाम राहील.

बाबा जायच्या आदल्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाले, फ्लॉसीला तू ने. त्यांची म्हातारी कुत्री. अकरा वर्षांची, डोळ्यांत ढग आलेली. मी म्हटलं, नेते. शुक्रवारी बाबांना पुरलं. रविवारी मी तिला न्यायला गेले, तर खिळ्यावर नुसता पट्टा. डिनीने शनिवारीच तिला नेऊन संपवलं होतं. का, तर म्हणे, "पळणं संपलं की कुत्र्याचं काम संपलं. सगळे हेच करतात." करत होते तेव्हा सगळे, हे खरं. पण मी बाबांना शब्द दिला होता आणि त्याला ते ठाऊक होतं.

अकरा वर्षं झाली. दोन मैलांवर राहतो. किलकॅरनच्या रस्त्याला मी गाडीसुद्धा वळवत नाही. कॉनच्या मातीला आला, तोही दफनभूमीच्या फाटकाबाहेर टोपी हातात धरून उभा राहिला आणि निघून गेला. बरं झालं.

हात आहेत त्याचे, हे मी नाकारत नाही. कुत्र्यांचा हाडवैद्य. पण त्या हातांत मी कुत्रं देणार नाही.

३१ ऑक्टोबर

कहल म्हणतो, बोटच काढून टाकू. पुढच्या गुरुवारी, सातला. पण भूल जपून द्यावी लागेल, या जातीला ती चढते फार. "म्हणजे उठणार नाही असं होऊ शकतं?" मी विचारलं. त्या पोराने तिचा पंजा खाली ठेवला. मग म्हणाला, "शक्यता कमी आहे." कमी!

संध्याकाळी मुलांनी हॅलोविनचे फटाके उडवले. बाईसाहेब न्हाणीघरात, डोकं माझ्या काखेत. दोघी लादीवर तासभर. माझे गुडघे!

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. कॉनच्या कबरीवर शेवंती ठेवली. बाईसाहेब तीन पायांवर उभ्या. कॉनला म्हटलं, बघ काय नशिबी आलंय. मग म्हटलं, गुरुवारी हिला काही झालं तर मी त्या घरात परत एकटी जाणार नाही. हे मोठ्याने बोलले. मलाच नवल वाटलं.

५ नोव्हेंबर

दारातून पाय बाहेर टाकला आणि ओरडली. जिन्याला घाबरून ओरडते तसं नाही. वेगळंच.

उद्या जाते. बाबांना दिलेला शब्द एकदा मोडला गेला, आता माझ्या अकडीपायी ही जायला नको. पण मी त्याच्याकडे चहा घेणार नाही. एक घोटसुद्धा नाही!

६ नोव्हेंबर

गेले.

गाडीत बाईसाहेब मागे उभ्या, थरथरत, दात कडकड वाजवत. मला वाटलं थंडी. हीटर लावला.

डिनीच्या अंगणात दार उघडलं मात्र, तिने दोरीला हिसका दिला आणि मला फरफटत स्वयंपाकघरात नेलं. लंगडत, पण सरळ! टेबलाला वळसा घालून चुलीपाशी. तिथे जुन्या घोंगडीचं अंथरूण, मधे खळगा पडलेलं. तीन गोल चकरा मारल्या आणि त्या खळग्यात बरोबर मावली. मी दारातच उभी.

डिनी मागच्या दाराने आला. पार पांढरा झालाय. बाबांसारखा वाकून चालतो.

"नोनी."

"डिनी."

अकरा वर्षं, आणि एवढंच. मी म्हटलं, "पुढचा पाय. उजवा. उद्या बोट कापणार आहेत."

त्याने टेबलावर बोटांनी दोनदा टक टक केलं. ती उठली आणि येऊन त्याच्या पायाशी कुशीवर आडवी झाली. माझं अंडं आठवलं मला!

पंजाकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. अंगठा सरळ खांद्याच्या आत, बगलेच्या वर. न शोधता. "इथे. शेवटच्या शर्यतीत फाटला होता स्नायू. थंडी पडली की आखडतो. खांदा वाचवायला ती त्या बोटावर भार देते, म्हणून कुरूप. बोट कापलं तर शेजारच्याला होईल." वीस मिनिटं चोळत बसला. तिचे दात कडकड वाजत होते. थंडी नव्हती ती. चूल पेटलेली होती.

"किती वर्षं होती तुझ्याकडे?"

"तीन."

"पळणं संपलेलं कुत्रं? चुलीपाशी? तुझ्या घरात?"

"लादी गार असते गं," तो म्हणाला. खाली मान.

मग माझा अंगठा धरून त्या जागेवर ठेवला. "रोज सकाळी दहा मिनिटं. एवढाच जोर." त्याचा हात गरम होता.

ती चार पायांवर चालत गाडीपर्यंत आली. मी मात्र रागाने गाडीचं दार आपटलं. म्हणजे लंगडी निघाली म्हणून फिलोमिनाच्या हातून माझ्या गळ्यात मारली! माझ्याशी न बोलता! चहा त्याने विचारला, मी घेतला नाही.

७ नोव्हेंबर

कहलला फोन करून बोट वाचवलं. मग तडक फिलोमिनाकडे. तिच्या दारात उभी राहून जे तोंड सोडलं, ते दुकानापर्यंत ऐकू गेलं असेल.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं? आता बस."

कॉनला पुरलं त्याच्या पुढच्या सोमवारी डिनी तिच्याकडे गेला होता. कुत्रीला गाडीत ठेवून. "नोनीच्या घरात आता कुणाचा श्वास ऐकू येत नाही. हिला तिच्याकडे ने. माझं नाव काढू नकोस, नाहीतर ती घ्यायची नाही."

"तू चार वेळा नाही म्हणालीस. प्रत्येक वेळी येऊन विचारायचा, काय म्हणाली? आता दर शनिवारी येतो. जिना चढली का? चहातला पाव देते का? खांद्याचं तुला सांगायचं होतं त्याला. पण सांगितलं असतं तर तुला कळलं असतं कुणी सांगितलं ते."

"आणि फ्लॉसी?" मी म्हटलं.

"फ्लॉसीबद्दल तो बोलत नाही. पण तिच्यानंतर त्याच्या अंगणातून एकही कुत्रं त्या वाटेने गेलेलं नाही, नोनी. सगळी माझ्याकडे येतात. ही एक मात्र तो द्यायला तयार नव्हता."

ब्रीडाला ठाऊक होतं. पोस्टमनला ठाऊक होतं. चौकात काच खाली करणाऱ्या प्रत्येक गाढवाला ठाऊक होतं!

घरी येऊन रडले. रागानेच रडले, असं इथे लिहून ठेवते.

८ नोव्हेंबर

सकाळी दहा मिनिटं खांदा चोळला, मग फिरायला. निघताना का कोण जाणे, गाडीतून लांबचा चष्मा घेतला.

चौकात बाईसाहेब थांबल्या. तोंड किलकॅरनकडे, कान ताठ. मी चष्मा लावला. लांबवरच्या त्या फाटकाशी एक पांढऱ्या केसांचा, वाकलेला माणूस उभा होता, टोपी हातात. रोज असणार. ही जात नजरेवर पळते, तिला पहिल्या दिवसापासून दिसत होता.

दोरी ओढली नाही. ती निघाली, तिच्या मागून मी.