गुरुवारचा अर्धा तास

प्रिय ताई,

बाबांना दोन्ही कानांनी जेमतेम ऐकू येतं, हे आज कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून पक्कं सांगितलं. तीन-चार वर्षं तरी झाली असावीत, म्हणाल्या. आणि तेवढीच वर्षं मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेय.

तुझा फोन आला की बाबा डोळ्यावरचं भिंग काढतात, दुरुस्तीची घड्याळं तशीच उघडी टाकतात आणि दुकानाच्या पायरीवर येतात. "थोरली बोलतेय!" हे आधी रस्त्याला सांगतात, मग तुझ्याशी बोलतात. तुझी बढती, तुझा खोकला, तुझा नवा सोफा, सगळं मला समोरच्या न्हाव्याकडून कळतं. परवा तो म्हणाला, "बाईसाहेब, तुम्हीपण जरा लांब राहायला जा, म्हणजे तुमचंही नाव गाजेल." मी हसले. घरी येऊन भांडी आदळली.

माझ्याशी बाबा हळू बोलतात, तेही दोन शब्द. दार लाव. दिवा घालव. मला वाटायचं, लाडकीसाठी सगळा गळा, माझ्यासाठी उरलासुरला आवाज.

डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला. माझं बोलणं ते ओठांवरून ओळखतात. फोनवर चेहरा दिसत नाही, तुझा आवाज पुरता पोचत नाही, म्हणून ओरडतात. तुझं निम्मं बोलणं त्यांना कळलेलंच नाही, "हो का? वा!" सगळं अंदाजाने. तो सोफा तू खरंच घेतलास का गं?

खरं सांगते, हे ऐकून क्षणभर मला बरं वाटलं. मग लाज वाटली.

गुरुवारी दहाला कानात यंत्र बसणार. "आजोबा, पहिला आवाज कुणाचा ऐकणार?" बाईंनी ओरडून विचारलं. बाबांनी लगेच खिशातून फोन काढला. "थोरलीचा!" मी शेजारीच होते, त्यांची पिशवी मांडीवर घेऊन.

त्यासाठीच हे पत्र. दहाला ते तुला फोन लावतील. उचलू नकोस. साडेदहाला तू कर. तेवढा अर्धा तास मला दे. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. बहुतेक "बाबा, चहा घेणार?" एवढंच विचारेन, त्यांच्या पाठीमागे उभी राहून, हळू आवाजात.

तुझीच, तुझ्यावर जळणारी,
धाकटी