मधला पूल

१६ जून १९६९, राऊ
आज प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून रुजू झाले! झूऑलॉजी शिकून काय बेडूक विकणार, म्हणणाऱ्या काकूंची बोलती बंद. विलायतेहून आलेले सर्जन दौलतरावसाहेब बंगल्यामागच्या खोलीत मांजरांवर प्रयोग करतात. मेंदूला रोज विजेचा हलका झटका देत राहिलं, की पुढे त्याच झटक्यानं फिट येते. ती मेंदूच्या एका अर्ध्यातून दुसऱ्यात, दोन्हींना जोडणाऱ्या मधल्या पुलावरून जाते. साहेब तो पूल कापून बघतात. माझ्या धाकट्या भावाला, उदयला, फिट येते तेव्हा गल्लीतले लोक त्याच्या नाकाशी चप्पल धरतात. डोकं फिरतं माझं. इथे त्याच्यासाठी काहीतरी सापडेल.

२२ जुलै
पूल कापलेल्या मांजरांची फिट अर्ध्याच अंगापुरती राहते. पण त्यातल्या ठिपकी मांजरीचा उजवा पंजा वाटी ओढतो, डावा लोटतो. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, ज्यादा दिमाग मत लगाओ. मेलं मग मला ठेवलंय कशाला?

९ ऑगस्ट
आता दुसऱ्या अर्ध्यालाही वेगळी फिट येते. आज ठिपकीनं डाव्या पंजानं स्वतःचा डोळा फोडला. अहवालात साहेबांनी लिहिलं, प्रकृती उत्तम. खोटारडा!

११ ऑगस्ट
साहेबांनी बोलावलं म्हणून आईनं उदयला नारळ देऊन त्यांच्याकडे पाठवलं. ऑपरेशनला! आजोबा साहेबांच्या वडिलांच्या पागेत होते, त्या घराला आपण ना कसं म्हणायचं, म्हणते. पागा गेली, संस्थान गेलं, ह्यांचा मुजरा जात नाही! मी धावत गेले. दार आतून बंद —

३० ऑगस्ट
उदय घरी. फिट नाही. आईनं पेढे वाटले. त्याचा डावा हात तिच्या गळ्याकडे — उजव्यानं धरून ठेवला त्यानं. रडत होता.

२ सप्टेंबर
आईच्या मानेवर वळ. ती म्हणते, साहेबांना कळवू नकोस, वाईट वाटेल त्यांना. काय बोलू हिला!

३ सप्टेंबर, दुपार
उदयनं स्वतःला खोलीत कोंडून घेतलंय. ओरडतोय, ताई, पळ, मी नाही हा, मी नाही. साहेब आलेत. बैठकीत चहा पिताहेत, खूश आहेत. म्हणतात, दोन्ही अर्धी स्वतंत्र, कमाल आहे, लिहीत राहा. लिहिते, मुडद्या, तुझंच नाव लिहिते —
दाराच्या फटीतून दिसतंय, उदयचा उजवा हात कडी लावतोय. डावा काढतोय. लागली. निघाली. लागली —
आई दृष्ट काढायला नारळ घेऊन त्याच्या दाराशी —
आई, नको, कडी निघा