जाळी साफ केली गेली

४ मार्च
आजपासून रोज लिहिणार. महिनाअखेर मॅनेजर निवृत्त होतात आणि त्यांची काचेची केबिन रिकामी होते. आमच्या धुलाई कारखान्यात त्या खुर्चीला शोभेल असा माणूस एकच, दिवसपाळीचा सुपरवायझर. नाव लिहीत नाही. नम्रता.
मालकीणबाईंचा हुकूम: यापुढे प्रत्येक पाळीचा रिपोर्ट इंग्रजीत. बाकीच्यांचे चेहरे पिळलेल्या अभ्र्यासारखे झाले. मी मेहुण्याकडून इंग्रजीचं पुस्तक आणलं. त्याने ते कधी उघडलेलं नाही. पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. त्याच्या घरात विद्येची हीच अवस्था.

५ मार्च
खरी इंग्रजी सापडली. क्रियापदाला मागून एक छोटं शेपूट लावायचं आणि करणाऱ्याला वाक्याबाहेर काढायचं. 'द मीटिंग वॉज पुट ऑफ.' मीटिंग पुढे ढकलली गेली. कोणी ढकलली? नाही सांगत. 'द मॅटर वॉज लुक्ड इन्टू.' प्रकरणात लक्ष घातलं गेलं. कोणी घातलं? तुम्हाला काय करायचंय.
केवढी सुसंस्कृत भाषा. आपल्याकडे 'कोणी केलं' शिवाय पान हलत नाही. गावच्या शाळेत गुरुजींनी 'खिडकीची काच कोणी फोडली' हे विचारण्यात अख्खं वर्ष घालवलं. काच शेवटपर्यंत बसली नाही.
संध्याकाळी देवापुढे डोळे मिटले तेव्हा कळलं, त्याचीही हीच पद्धत. एवढं जग केलं, कुठे सही नाही.

६ मार्च
मोरीतला नळ गळतोय. ही विचारत होती, वायसर आणला का. म्हटलं, इट वॉज पुट ऑफ. म्हणाली, कोणी पुट ऑफ केला? बायकांना भाषेतलं सौंदर्य कळत नाही. तरी देवाचं उदाहरण देऊन समजावलं. त्यावर म्हणाली, देव करून नाव लावत नाही, तुम्ही न करता लावत नाही.
उत्तर देण्याच्या लायकीचं नव्हतं. दिलं नाही.

८ मार्च
ड्रायरमध्ये चादरी फिरताना त्यांचा कापूस सुटतो आणि जाळीवर साचतो. तो प्रत्येक पाळीला काढायचा, नाहीतर हवा कोंडते आणि कापड करपतं. काढणारा माणूस नोकरी सोडून गेला. बॉयलरवाला विचारायला आला, साहेब, आता जाळी कोण साफ करणार? पुन्हा 'कोण'. या लोकांना दुसरा शब्द येतच नाही.
रिपोर्टात लिहिलं, 'द लिंट वॉज टेकन आउट.' कापूस काढला गेला. वाक्य इतकं स्वच्छ उतरलं की जाळीसुद्धा स्वच्छ वाटायला लागली.

१२ मार्च
मालकीणबाई रिपोर्टावर खूश. म्हणाल्या, बाकीच्यांनाही शिकवा. जेवणाच्या सुटीत वर्ग घेतला. इस्त्रीवाला पेंगत होता. वॉचमन लिहायला पेन मागतो, मग पेनने कान कोरतो. घडीवाल्या बाई तेवढ्या मन लावून ऐकत होत्या, अर्थात ज्याला मन म्हणता येईल ते.
सगळ्यांच्या रिपोर्टांखाली सही मात्र माझीच राहील, हे ठासून सांगितलं. पूर्ण नाव, लफ्फेदार. मालकीणबाई म्हणाल्या, कोणाचीही चालेल. मी म्हटलं, छे. गुणवत्ता कोणाची ते दिसायला नको?

१६ मार्च
एका हॉटेलचे अभ्रे दुसऱ्या हॉटेलला गेले. घडीवाल्या बाईंना बोलावलं. म्हणाल्या, दे वेअर मिक्स्ड अप. म्हटलं, ते दिसतंय, पण केले कोणी? म्हणाल्या, साहेब, कोणी ते धड्यात नव्हतं.
उच्चार बरा आहे. बाकी कृतघ्न जात.

१९ मार्च
बॉयलरवाला पुन्हा आला. म्हणाला, साहेब, जाळीवर आता गादी झालीय, उशी आणली तर झोपता येईल. मॅनेजर होऊ घातलेल्या माणसाशी बोलायची ही रीत? रिपोर्टात लिहिलं, 'द वॉर्निंग वॉज टेकन डाउन.' इशारा टिपून घेतला गेला.
संकल्प: उद्या जाळी स्वतः बघायची.

२० मार्च
बघितली नाही. उद्या केबिनमध्ये बसणाऱ्याने आज जाळीत हात घातला तर लोक काय आदर ठेवतील?

२४ मार्च
मॅनेजर बाहेर गेले असताना केबिनमध्ये बसून पाहिलं. खुर्ची थोडी करकरते. देवाची तसबीर पूर्वेच्या भिंतीला लावणार. वॉचमनला आत यायला बंदी.
ही पुन्हा वायसरवर. नळाखाली आता बादली ठेवली आहे. पुट ऑफ.

२७ मार्च, दुपारी
ड्रायरने पेट घेतला. बॉयलरवाल्याने मेन स्विच पाडला, घडीवाल्या बाईंनी वाळूच्या बादल्या ओतल्या. देखरेख करता यावी म्हणून मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. कोणाला इजा नाही, देवाची कृपा. हॉटेलच्या चादरी मात्र पापडासारख्या मोडत होत्या.
रिपोर्ट: 'द शीट्स वेअर बर्न्ट अप.' दोनदा वाचला. यात कोणीही सापडत नाही.

२८ मार्च
मालकीणबाईंनी सगळ्यांना उभं केलं आणि फाईल उघडली. म्हणाल्या, इथे रोज कापूस काढला गेलाय. कोणी काढला? सगळे माझ्याकडे बघत राहिले. शिष्यांनी निदान खाली बघावं.
मी शांतपणे समजावलं, मॅडम, चांगल्या इंग्रजीत करणाऱ्याचं नाव येत नाही. त्या म्हणाल्या, येतं की. प्रत्येक पानाच्या तळाशी एकच नाव आहे, आणि अक्षर फार सुंदर आहे.
अक्षराची स्तुती त्यांनी सर्वांसमक्ष केली, हे नोंदवून ठेवतो.

३१ मार्च
सकाळी देवाला जरा जास्त वेळ हात जोडले. नवा शर्ट घातला.
बोर्डावर नोटीस होती. वरची ओळ इंग्रजीत: 'द मॅनेजर्स पोस्ट हॅज बीन डन अवे विथ.' मॅनेजरची जागाच काढून टाकली गेली आहे. केबिनमध्ये साबणाची पोती ठेवत होते. मालकीणबाईंना गाठून विचारलं, हे कोणी ठरवलं? त्यांनी नोटिशीच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. घडीवाल्या बाई मागे खोकल्या.
नोटिशीची खालची ओळ मराठीत होती, आणि तिच्यात करणारा होता. ड्रायरची जाळी रोज दिवसपाळीचे सुपरवायझर स्वतःच्या हाताने साफ करतील.
साफ केली. घरी आलो तेव्हा केसांत, भुवयांत, नाकात कापूस. मोरीत गेलो तर बादली जागेवर नाही. नळ बंद केला, एक थेंब गळला नाही. मी विचारलं, वायसर कोणी बसवला?
ही पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, इट वॉज पुट इन.
उच्चार साफ नव्हता. जेवण झाल्यावर सुधारून घेईन.