चिंधी बांधलेला दोडका

१८ सप्टेंबर २०२५

पुन्हा वांदरं! बोर धरणाकडच्या जंगलातून येतात आणि माझंच परस बरं सापडतं मेल्यांना. दोन दोडके गेले. एक अर्धवट खाल्ला, दुसरा नुसताच तोडून टिनाच्या छपरावर फेकला. खायचा नव्हता तर तोडला कशाला?

मांडवावर आता एकच उरला आहे. लगेच चिंधी बांधली, माझ्या जुन्या साडीची, लाल. चिंधी बांधली की तो बियाण्याचा. वेलीवरच जून होऊ द्यायचा, वाळू द्यायचा, घरातल्या कोणी हात लावायचा नाही. हा आमच्या सासूबाईंचा, आईंचा नियम. पाहुण्यारावळ्यांनाही सूट नाही.

यंदा बाकीच्या वेली पावसानं सडल्या. हीही पिवळी पडली, वर नुसती वांझ फुलं. आणि गेल्या वर्षीचं सगळं बी मी पेरून बसले — अतिशहाणपणा! म्हणजे घरचा दोडका टिकायचा तर या एका फळावर. दर घटकेला जाऊन पाहून येते.

२० सप्टेंबर

आईंचा ताप उतरला, पण जेवण नाही. कपभर चहा घेतात आणि तोंड फिरवतात. सेलूचे डॉक्टर म्हणाले, या वयात पोटात काही गेलंच नाही तर नुसत्या औषधानं काय होणार. रुपेश म्हणतो, तू समजव. आई त्याची, तो वर्ध्याला ऑफिसात बसणार, समजवायचं मी! बोलले त्याला. मग वाईट वाटलं. तोही घाबरलाच आहे.

२१ सप्टेंबर

खिचडी नाही. पेज नाही. वरणाचं पाणी दोन चमचे, तेही बाहेर.

२२ सप्टेंबर

आज आपणहून हाक मारली. मी आनंदानं धावले. आणि काय मागावं?

"सरिता, घरचा दोडका कर वं. खावासा वाटून राह्यला."

घरचा! हो म्हणाले आणि गॅसपाशी जाऊन नुसती उभी राहिले. एकच उरला आहे हे त्यांना माहीत नाही. आजारी पडल्यापासून त्या परसात आल्याच नाहीत.

२३ सप्टेंबर

बाजारातून दोडके आणले. लांब, सरळ, चकचकीत. तीच फोडणी, तीच चण्याची डाळ, वर शिरांची चटणीही केली. आईंनी एक घास चघळला आणि ताटाच्या कडेला काढून ठेवला. "हा आपला नाई," एवढंच बोलल्या. भिंतीकडे तोंड केलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ सप्टेंबर

गावात हे बी आता कोणाकडे उरलं नाही, विचारून आले. केळझरला पर्वताबाईंकडे मात्र नक्की असणार. आईंची नणंद. आईंनीच दिलं होतं त्यांना. आई बी वाटतच सुटायच्या, दारात येईल त्याला मूठभर, आणि मी आत धुसफुसायचे. पण एका लग्नात पर्वताबाई आईंचं नाव घेऊन चारचौघींत बोलल्या की बी मूळचं माझ्या आईचं, धुरपतेनं ते मला काय द्यायचं! झालं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. आईंनी आम्हाला बजावून ठेवलंय, "त्या दारात कोनी जायाचं नाई. मी मेली तरी नाई."

रुपेशला म्हटलं, गुपचूप जाऊन ये. नको म्हणाला, आईला कळलं तर अन्न सोडेल. मी म्हटलं, सोडलंच आहे ना!

२५ सप्टेंबर

सकाळी दोडक्याला नख लावून पाहिलं. अजून कोवळा आहे. पण एक-दोन दिवसांत जून होईल, मग तो भाजीचा राहणार नाही. म्हणजे काय ते आत्ताच ठरवायला हवं. तोडला तर बी संपलं. आईंनी उभा जन्म सांभाळलेलं, माझ्या हातून संपलं. नाही तोडला आणि आईंना काही झालं तर? पुढच्या पावसाळ्यात त्या वेलीचा दोडका माझ्या घशाखाली उतरेल का?

दुपारी वांदरं आली. काठी घेऊन धावले. आणि धावता धावता वाटलं, यांनीच नेला असता तर मी सुटले असते! असं कसं मनात आलं माझ्या?

२६ सप्टेंबर

तोडला.

चिंधीची गाठ सुटेना, दातांनी सोडवली. रडू आलं. एका दोडक्याची भाजी ती केवढी, वाटीभर. आईंनी सगळी खाल्ली. वर भाकरीचा तुकडा मागितला, बोट फिरवून वाटी पुसली. मग विचारलं, तू खाल्ला का? मी हो म्हणाले. चिंधी ब्लाउजमध्ये खोचलेली होती.

२७ सप्टेंबर

सकाळी अर्धी भाकर. रात्री वरण-भात. रुपेश लहान पोरासारखा हसत होता. त्याला अजून सांगितलं नाही.

२९ सप्टेंबर

आज काठी मागितली आईंनी. दारापर्यंत गेल्या, दमल्या, परत आल्या. उद्या परसात जातील. बऱ्या होताहेत याचा आनंद आहे, खरंच आहे. पण मांडव रिकामा आहे. काय सांगू मी त्यांना?

३० सप्टेंबर

गेल्याच. मांडवाखाली उभ्या राहून वर पाहत राहिल्या. मी सगळं सांगून टाकलं आणि चिंधी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती झटकली, घडी केली, कमरेला खोचली.

"उद्या मले केळझरच्या गाडीत बसवून दे. पर्वताले बी मांगाले मीच जातो."